बदकाची अंडी, कोंबडीची ऊब

वाचकहो, तुमच्या सांदवाडीत चार बदके असतील, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. पहाटे, फार तर सकाळी आठ-नऊच्या आत, बदक अंडे देते. अंडे दिले म्हणजे त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता तळ्याची वाट धरते. कोंबडी अंडे दिल्यावर घरभर ओरडून सांगते, आठ-दहा अंडी जमली की फुगून बसते, जवळ गेलेल्याला चोच मारते. बदकाला यातले काहीच नाही. कधी कवेलूच्या खाली, कधी तणसाच्या ढिगात, कधी चिखलात, कधी थेट पाण्यातसुद्धा अंडे टाकून ते मोकळे होते. मग प्रश्न असा पडतो, की ज्या पाखराला आपले अंडे उबवायचे सुचत नाही, त्याचा वंश आजवर टिकला तरी कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला भंडारा जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. हा तलावांचा मुलूख. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या वर पार घालून अडवलेले पाणी. हे तलाव बांधणारे कोहळी लोक. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाति-जमातींच्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे म्हणून दिली आहे. गोंड राजाने त्यांना बनारसकडून आणले अशी त्यांच्यातली दंतकथा आहे. कथेचे खरेखोटे बाजूला ठेवू. तलाव मात्र खरे आहेत. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले, म्हणून त्यांना ‘माजी मालगुजारी’ तलाव म्हणू लागले. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले. भाच्यांनी मामाकडे किती लक्ष दिले, ते गाळाने भरलेल्या तलावांकडे पाहिले म्हणजे कळते! १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांधचा मोठा जलाशय तिकडे गेला. पाखरांना अर्थात ही सीमा ठाऊक नाही.

या तलावांवरची रानबदके पाहिली, म्हणजे आपल्या पाळीव बदकाने काय गमावले ते उमगते. अडई घ्या. संध्याकाळी शीळ घालीत थव्याने उडणारे हे तपकिरी बदक तुम्ही नक्की पाहिले असेल. पावसाळ्यात ते झाडाच्या ढोलीत, नाहीतर कावळ्या-घारीच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. आणि नर-मादी दोघेही पाळीपाळीने ती उबवतात. काणूक तर पाण्याकाठच्या झाडाची ढोलीच पसंत करते. अंड्यातून निघालेली पिल्ले दिवसा-दोन दिवसांत त्या उंचीवरून खाली उड्या टाकतात आणि आईच्या मागे पाण्यात जातात. आमचे पाळीव बदक या दोघांच्याही कुळातले नव्हे. ते उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या हिरव्या डोक्याच्या रानबदकाचे वंशज आहे. त्याची मादी काठावरच्या गवतात घरटे करते, स्वतःच्या छातीची लव उपटून अंड्यांखाली अंथरते, आणि चार आठवडे जागची हलत नाही. एकाच आजीच्या नाती. एक इतकी मायाळू आणि दुसरी इतकी बेफिकीर का?

दोष बदकाचा नाही, तो आपला आहे. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन ग्रंथकाराने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की दलदलीतून रानबदकांची अंडी गोळा करावी आणि ती कोंबडीखाली बसवावी. अशी वाढलेली पिल्ले रानटीपणा सोडून माणसाजवळ राहतात आणि तेथेच वीण करतात. म्हणजे बदकाला माणसाळवले ते कोंबडीच्या उबेने! पुढे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले. जी मादी अंड्यावर बसते तिचे अंडे देणे थांबते. म्हणून न बसणाऱ्या, नुसती अंडी देत राहणाऱ्या माद्यांचीच अंडी माणसाने पुढच्या पिढीसाठी निवडली. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे, की पाळीव बदकाच्या पंखांची हाडे रानबदकापेक्षा हलकी आणि पायांची हाडे जड झाली आहेत. कारण उघड आहे. ते उडते कमी आणि चालते जास्त. कोंबड्यांच्या काही जाती कधी खुडूकच होत नाहीत, याकडेही त्याने त्याच ग्रंथात लक्ष वेधले. हाडे बदलतात तसा स्वभावही बदलतो.

या निवडीचे टोक म्हणजे खाकी कॅम्पबेल. इंग्लंडात ग्लूस्टरशायरमधल्या युली गावी श्रीमती अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. त्यासाठी त्यांनी ‘इंडियन रनर’ नावाच्या बदकाचा संकर केला. गंमत अशी, की या रनरचा आपल्या हिंदुस्थानाशी काही संबंध नाही; ते जावा-बाली बेटांकडचे. उलट खाकी हा शब्द मात्र आपल्याकडून तिकडे गेला. चांगली सांभाळलेली खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. पण तिला खुडूक करून पाहा म्हणावे! तुम्ही कुठल्या सरकारी केंद्रातून अशी पिल्ले आणली असतील, तर त्यांची मादी घरटे करील या आशेवर बसू नका.

आता आमच्या आत्याची गोष्ट सांगतो. साकोलीकडच्या एका खेड्यात, १९६५-७० च्या सुमारास, तिच्या सांदवाडीत सात-आठ बदके असत. शिकलेली ती नव्हती. पण रोमन पंडिताने लिहिले तेच ती करीत होती. अंडी जमली की ती शेजारी हाक घालायची,

“काहून व वैनी, तुयाकडं खुडूक कोंबडी हाय का?”

“हाय ना. पन दोन पिल्लं मले द्या लागन.”

कोंबडी भाड्याने घ्यायची आणि भाडे पिल्लांत द्यायचे, असा तो व्यवहार. घरच्या बाईचा हा स्वतःचा पैसा. धानाचा पैसा घरधन्याच्या हाती, पण अंड्यांचा, पिल्लांचा पैसा तिच्या पदराच्या गाठीला. मुलांच्या वह्या, सणाची बांगडी, दवाखान्याची चिठ्ठी यातून निघायची. म्हणून एकवीस नव्हे, तर अठ्ठावीस दिवस ती त्या टोपलीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची.

अठ्ठावीस दिवस, हा आकडा विसरू नका. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते, बदकाच्या अंड्याला आठवडा जास्त लागतो. म्हणून आधीच आठ-दहा दिवस बसून थकलेली कोंबडी कधी घेऊ नये; नुकतीच खुडूक झालेली, अंगाने मोठी कोंबडी घ्यावी. बहुतेक कोंबड्या शेवटपर्यंत बसतात. एखादी मात्र कंटाळून उठते, तेव्हा दुसरी कोंबडी हाताशी असलेली बरी. अंडी आठ ते दहा, त्याहून अधिक नको; कोंबडीच्या पंखाबाहेर राहिलेले अंडे थंड पडते, ती ते आत ओढते तेव्हा दुसरे बाहेर येते, आणि असे करता करता सगळीच नासतात.

आत्या टोपली कधी फळीवर ठेवीत नसे. पडवीच्या कोपऱ्यात भुईवर थोडी ओलसर माती, तीवर तणस, तणसात कडुनिंबाचा पाला, आणि कोंबडीच्या पंखांत चिमूटभर राख, म्हणजे उवा होत नाहीत. ओल कशासाठी? रानातली बदकी दिवसातून एकदा-दोनदा पाण्यावर जाऊन येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. कोंबडीची पिसे कोरडी. म्हणून दुसरा आठवडा सरला की आत्या रोज कोमट पाण्याचा हात अंड्यांवर शिंपडायची. शिवाय बदकाचे अंडे जड. कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही. आत्या कोळशाने अंड्याच्या एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढायची. कोंबडी दाणे टिपायला उठली, की सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. आज विजेच्या यंत्रात अंडी आपोआप फिरतात. हेच काम तिथे मोटर करते.

आठव्या रात्री कंदिलाची पाहणी व्हायची. जाड पुठ्ठ्याला अंड्याएवढे भोक पाडून त्यापाठी कंदील धरावा. आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे जिवंत. स्वच्छ पिवळा उजेड आला तर ते वांझ. वांझ अंडे तसेच ठेवले तर कुजून फुटते, आणि त्याची घाण बाकीच्यांना बाधते.

या बाबतीत माझ्या हातून एक अपराध घडला, तो सांगून टाकतो. आत्या गावाला गेली असता चिखलाने माखलेली अकरा अंडी मला पाहवली नाहीत. ती मी तळ्यावर नेऊन घासून लख्ख धुतली आणि शहाण्यासारखी टोपलीत मांडली. पिल्ले दोनच निघाली. अंड्याच्या कवचावर निसर्गाने एक बारीक पापुद्रा दिलेला असतो, तो धुण्याने जातो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत शिरते, हे मला फार पुढे कळले. आत्याने मला रागावले नाही. “पोराले साफसफाईची हौस हाय,” एवढेच म्हणाली. ते रागावण्यापेक्षा जास्त लागले. अंडी मळकी होऊ नयेत म्हणून रात्री बदकांखाली कोरडे तणस घालावे आणि सकाळी नऊपर्यंत त्यांना कोंडून ठेवावे, म्हणजे अंडी जागेवर मिळतात. हा खरा उपाय.

तुम्ही म्हणाल, गावठी बदक कधीच बसत नाही का? बसते, क्वचित बसते, आणि बसले म्हणजे मोठ्या जिद्दीने बसते. त्याची लक्षणे ओळखावी. ती छातीची लव उपटून घरट्यात घालते, हात नेला की मान लांब करून फुत्कारते, दिवसभर घरट्यातून हलत नाही, आणि बाहेर आली की भराभरा खाते, पाण्यात बुडी मारते, पंख फडफडवते आणि परत पळते. उठताना ती अंड्यांवर लव पसरून जाते. ती झाकणी काढू नका. तेच तिचे पांघरूण आणि तीच तिची लपवाछपवी.

तिने घरटे बाहेर गवतात केले असेल तर मुंगूस, घोरपड, रानमांजर आणि कावळे टपलेलेच असतात. अशा वेळी तिला रात्री, अंधारात, घरट्यासकट उचलून आडोशाला आणावे. दिवसा हलवली तर ती नवी जागा पत्करीत नाही. जागा अंधारी, ठेंगण्या छपराची, बांबूच्या ताटव्याने बंद केलेली असावी. बाकीच्या बदकांपासून तिला वेगळी ठेवणे फार महत्त्वाचे. नाहीतर दुसऱ्या माद्या तिच्याच घरट्यात रोज अंडी टाकतात. मग कोणते अंडे पहिल्या दिवसाचे आणि कोणते दहाव्या, हे कळत नाही. पहिली पिल्ले निघाली की ती त्यांना घेऊन चालू लागते आणि अर्धी जिवंत अंडी मागे मरतात. वेगळी ठेवणे जमत नसेल, तर बसवलेल्या अंड्यांवर कोळशाची खूण करून, बिनखुणेचे अंडे रोज काढून घ्यावे. नराला तर तिच्या वाऱ्याला उभे करू नये. अडईच्या नराचा गुण याच्यात नाही.

अँडरसनची १८४३ सालची कुरूप पिल्लाची कथा तुम्हांला ठाऊक आहे, ग. दि. माडगूळकरांच्या गीताने ती आपल्या घराघरांत गेली. तिची सुरुवात अशाच एका बसून कंटाळलेल्या बदकीपासून होते. एक मोठे अंडे फुटता फुटत नाही, आणि शेजारची म्हातारी बदकी ते सोडून देण्याचा सल्ला देते. ती बदकी थांबली म्हणून कथा झाली. शेवटच्या तीन दिवसांत तुम्हीही तसेच थांबावे. अंड्याला टवका पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी दोन दिवस लागतात. कवच सोलून मदत करू गेलात तर रक्त येते आणि पिल्लू दगावते.

उलट कधी कधी बदकी किंवा कोंबडी खुडूक होते आणि आपल्याला अंडी हवी असतात. त्यावर आमच्याकडे दोन जुने उपाय होते. कोंबडीला पाण्यात बुचकळून काढायचे आणि तिच्या नाकपुडीतून पीस ओवायचे. आत्याही हे करी. मला ते तेव्हाही पाहवत नसे आणि आजही मी त्याचे समर्थन करणार नाही, कारण त्याची गरजच नाही. अमेरिकेतल्या ऑस्कर रिडल या शास्त्रज्ञाने १९३३ च्या सुमारास मेंदूखालच्या ग्रंथीतून निघणाऱ्या एका द्रवाला ‘प्रोलॅक्टिन’ असे नाव दिले, आणि १९३५ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ते टोचले असता कोंबड्या खुडूक होतात. अंड्यांची आणि घरट्याची ऊब पोटाला लागत राहिली की हा द्रव अंगात चढता राहतो. तेव्हा ती ऊबच तोडली म्हणजे झाले. बांबूचा, खालून वारा लागेल असा पिंजरा करावा, त्यात तणस घालू नये, उजेडात ठेवावा, दाणापाणी भरपूर द्यावे. तीन-चार दिवसांत तिचा नाद सुटतो.

पिल्ले निघाल्यावरची एक गोष्ट मात्र आत्याला ठाऊक नव्हती, आणि त्या काळी जगातही ती नुकतीच कळत होती. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. बदकाची पिल्लेही मेली. शोध घेता ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या ढेपेत बुरशीचे विष सापडले. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे, की शास्त्रज्ञ सुरुवातीला विष ओळखण्यासाठी बदकाची पिल्लेच वापरीत. आमच्या झाडीपट्टीच्या पावसात ढेप आणि कणी ओली होणे नित्याचे. ‘जनावर खात नाही तर बदकाला टाका’ असे म्हणून बुरसलेले खाणे टाकतात, तेथेच पिल्ले पटापट मरतात आणि दोष नजर लागण्याला जातो. बुरसलेले खाणे खतात टाका, पिल्लाला टाकू नका. ताजे मऊ खाणे द्या, आणि चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढे पाणी जवळ ठेवा. डोके धुता आले नाही तर त्यांचे डोळे चिकटतात. कोंबडीने काढलेल्या पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे खोल पाण्यात सोडू नये, ती भिजून गारठतात.

आता थोडे आपल्या शेजारच्या अनुभवाकडे पाहू. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावच्या बाजूला वसवली गेली. ज्या मुलखातून ती आली, तो बदकांचा मुलूख. भारतातली बहुसंख्य बदके आजही आसाम आणि पश्चिम बंगालमध्येच आहेत. पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, पाणथळ भागात बदकांची अंडी धानाच्या तुसात उबवण्याची पद्धत आहे. गोल टोपल्यांभोवती तूस भरायचे, अंडी कापडात बांधून आत ठेवायची, सुरुवातीला ऊन किंवा कंदिलाने ऊब द्यायची. दोन आठवड्यांनी अंड्यातले जीव स्वतःच इतकी उष्णता देऊ लागतात, की त्या जुन्या अंड्यांच्या उबेवर नवी अंडी तापवता येतात. चीनमध्ये ही युक्ती फार जुनी. आपल्या तुमसर-गोंदियाकडच्या भातगिरण्यांत तुसाचे डोंगर पडतात आणि आपण ते जाळतो. भारनियमनाच्या काळात विजेच्या पेट्यांतली अंडी थंड पडून कितीजणांचे नुकसान झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तुसाची टोपली निदान विजेचे बिल मागत नाही. मात्र ते कसबाचे काम आहे. एखाद्या जाणत्याकडे बसून शिकावे, वाचून करू नये.

एक सावधगिरी नव्या काळाची. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा फार्मांबरोबर आसपासच्या घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. पाळीव बदक आजारी न दिसताही हा रोग बाळगू शकते, आणि आपल्या तलावांवर हिवाळ्यात दूरदूरची रानबदके उतरतात. म्हणून हिवाळ्यात घरच्या बदकांना मोठ्या तलावाऐवजी घरामागच्या बोडीवर ठेवलेले बरे. आणि एकदम पाखरे मेली तर ती फेकून न देता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आत्याच्या भाड्याच्या कोंबड्यांपैकी एक तांबडी कोंबडी मला अजून दिसते. अठ्ठावीस दिवस बसून तिने नऊ पिल्ले काढली. तीन आठवड्यांनी आत्याने त्यांना पहिल्यांदा तळ्यावर सोडले. पिल्ले सरळ पाण्यात गेली. कोंबडी पारीवर इकडून तिकडे धावत, पंख पसरून, केवढ्याने ओरडत होती! आत्या काठावर बसून धुणे धुत होती. ती हसली आणि म्हणाली, “अव, बस खाली. येतीन वापस.” संध्याकाळी पिल्ले आली, आणि ओल्या अंगाने पुन्हा तिच्याच पंखांखाली शिरली.